मुळं नसलेली खोडं, खोडं नसलेली मुळं आणि कोकणातला पाऊस

देवगडजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय. घराच्या दुरुस्तीसाठी अंगणाचा जुना चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची कुंपणभिंत, पाडावा लागला. त्या गडग्यात वाढलेलं मनगटाएवढं जाड नांद्रुक (वडाच्या कुळातलं झाड), मागच्या बांधावरची जुनी करवंदाची जाळी आणि वईतली, म्हणजे कुंपणातली बोगनवेल, ही तिन्ही झाडं बोन्सायसाठी वाचवायची आहेत. नांद्रुक निघालं, पण त्याची जाड मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत अडकून तुटली आणि तंतुमुळं म्हणण्यासारखी राहिलीच नाहीत. बोगनवेल खणून, छाटून ठेवलीय. करवंद अजून जमिनीतच आहे, पण ती जागा दिवाळीपर्यंत मोकळी करून द्यायचीय. नेहमीची पेन्सिलीएवढी छाट कलमं सोडून असा माल रुजवायचे आणखी काही मार्ग आहेत का, आणि मध, दालचिनी, शहाळ्याचं पाणी हे जे लोक सांगतात त्यात किती तथ्य आहे, असं विचारलंय.

मार्ग आहेत, आणि तुमची वेळही चांगली साधलीय, कारण नुकताच मृग लागलाय. पण आधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. आपल्या किनारपट्टीवर खणून आणलेलं झाड तहानेने क्वचित मरतं, ते गुदमरून मरतं. जून ते सप्टेंबर इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा बाष्पाने भरलेली असते. पानं काढलेल्या खोडातून अशा हवेत पाणी फारसं उडून जात नाही. म्हणजे ओलावा टिकवण्याचं अर्धं काम आकाश करतंय. खोडाला नवीन मुळं फोडायला मात्र प्राणवायू लागतो, आणि चार महिने पाण्याने गच्च राहिलेल्या मातीत तो मिळत नाही. कापलेली टोकं काळी पडतात, साल बोटाने दाबली की सरकते, आणि आपल्याला वाटतं की पाणी कमी पडलं. मग आणखी पाणी घातलं जातं. देशावरच्या कोरड्या हवेसाठी दिलेला ‘माती सतत ओली ठेवा’ हा सल्ला कोकणात पावसाळ्यात घातक ठरतो.

म्हणून रुजवण्यासाठी माती वापरूच नका. पाडलेल्या गडग्याचे फुटके चिरे तुमच्या अंगणातच पडलेत. ते हातोड्याने फोडा आणि दोन चाळण्यांतून काढा. तांदळाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवा, खालची लाल भुकटी फुलझाडांना टाका. ती भुकटी राहिली तर पहिल्याच मोठ्या सरीत खाली बसून भोकं बुजवते. जांभ्याच्या खड्याला स्वतःची छिद्रं असतात, तो पाणी पितो आणि दोन खड्यांमधली जागा हवेला मोकळी राहते. विकतच्या महागड्या मिश्रणांपेक्षा रुजवणीसाठी मला हाच माल जास्त भरवशाचा वाटतो. यात अर्धा काथ्याचा भुसा मिसळा, पण ताज्या सोडणाचा (नारळाच्या सालीचा) नको. ताज्या भुशात टॅनिन आणि क्षार असतात. माडाच्या आळ्यात पुरलेली, एक-दोन पावसाळे खाल्लेली काळपट सोडणं उकरून काढा आणि हाताने पिंजून घ्या. खाडीची किंवा पुळणीवरची वाळू कितीही धुतलेली असली तरी या कामाला घेऊ नका.

भांडं खोल हवं. बोन्साय म्हटलं की हात उथळ ट्रेकडे जातो, पण कुठल्याही भांड्याच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि उथळ भांड्यात तो थर थेट कापलेल्या टोकांपर्यंत पोहोचतो. जुना खोल टब किंवा बादली घ्या, तळाला आणि खालच्या कडेला भरपूर भोकं पाडा. एका बाजूखाली चिऱ्याचा तुकडा सरकवून भांडं थोडं कलतं ठेवा. कललेल्या भांड्यातून तळाचं बरंच पाणी निघून जातं. करून बघा, टब सरळ ठेवून पाणी गळायचं थांबलं की मग कलता करा, पुन्हा धार लागते.

आता नांद्रुक. त्याचं खोड तुम्हाला मौल्यवान वाटतंय आणि ते आहेच, पण गडग्यात तुटून राहिलेली मुळं फेकली तर नाहीत ना? फेकली असतील तर आजच गोळा करा. मला विचाराल तर या सगळ्या मालातली सगळ्यात देखणी बोन्साय त्यांतूनच होतील.

चिऱ्यांच्या फटीत वाढलेलं नांद्रुकाचं मूळ हातात घेऊन नीट पाहा. फट जशी वळली तसं ते वळलेलं असतं. कुठे दोन चिऱ्यांमध्ये चेपून पट्टीसारखं सपाट झालेलं, पुढे मोकळी जागा मिळाली तिथे फुगलेलं, एखाद्या कोपऱ्यावर काटकोनात मोडलेलं. असं वळण तार बांधून कुणालाही आणता येणार नाही. अंगठ्याएवढे किंवा त्याहून जाड, वीतभर लांबीचे तुकडे धारदार करवतीने कापा आणि कापाची कड चाकूने तासून गुळगुळीत करा. पांढरा चीक सुटेल. तो वाहून जाऊ द्या, मग वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तुकडे सावलीत वर्तमानपत्रावर एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी कापाकडे बघितलंत तर सालीच्या आत, लाकडाला लागून, एक बारीक फिकट कडं दिसेल. पुढचं सगळं तिथून घडतं. दोन-तीन आठवड्यांत त्या कड्यावर खसखशीसारखे दाणे उठतात, ते जुळून गाठीची किनार होते, आणि त्या किनारीतून किंवा जवळच्या सालीतून तांबूस कोंब निघतात. मुळाच्या तुकड्यावर आधी कुठेच डोळा नसतो. सगळे डोळे तो नव्याने तयार करतो, म्हणून उशीर झाला तरी उकरून बघू नका.

वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं, हे कापताना लक्षात राहिलं असेल तर वरचं टोक बोटभर बाहेर ठेवून तिरकं लावा. आठवत नसेल तर तुकडा आडवा ठेवा आणि त्याची पाठ थोडी उघडी राहील एवढाच गाडा. आडव्या तुकड्यावर ओळीने चार-पाच कोंब आले तर तो तसाच ठेवा, एकाच मुळावरची छोटी राई तयार होईल. हे कोकणात नवं वाटायला नको. आपल्याकडे बिनबियांचा नीरफणस वाढवतात तो मुळाच्या फुटव्यांवर किंवा मुळाच्या तुकड्यांवरच. तोच गुण उंबर-नांद्रुकाच्या कुळात आहे. बेल, पेरू आणि कढीपत्ताही मुळावरून फुटतात, तेव्हा यातलं काही खणायची वेळ आली तर मुळं जपा.

खोडाचं काम वेगळं आहे. फाटलेली मुळं धड लाकडापर्यंत मागे कापा. चिरफळलेलं टोक ठेवलं की कूज तिथूनच सुरू होते. सगळी पानं काढा, वरच्या कापांवर मेणबत्तीचं मेण टाका. खोड टबात घट्ट उभं राहायला हवं, कारण वाऱ्याने हललं की नवी मुळं टोकालाच तुटतात. सुतळीने टबाच्या कडांना ताणून बांधा. मग सगळा टब मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड वर बांधा आणि तो पडवीत ठेवा, जिथे उजेड भरपूर पण ऊन नाही आणि पागोळ्या अंगावर येत नाहीत. बाहेर एवढा दमटपणा असताना पिशवी कशाला, असं वाटेल. पिशवीचा पहिला उपयोग पाऊस टबाबाहेर ठेवण्याचा, आणि दुसरा जुलैत चार दिवस उघडीप मिळून कडक ऊन पडतं तेव्हाचा.

दोन-तीन आठवड्यांत खोडावर हिरवे डोळे फुगतील. इथे बहुतेकांची फसगत होते. ही पहिली पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर येते, तिचा मुळांशी काही संबंध नसतो. ती बघून पिशवी काढली की पालवी दोन दिवसांत मान टाकते. थांबा. पहिली पालवी पिकून गडद झाली आणि तिच्यावर दुसरी फूट सुरू झाली, म्हणजे खाली मुळं धरली. तेव्हा पिशवीला बोटाएवढी दोन भोकं, चार दिवसांनी आणखी चार, मग तोंड सैल, असं करत पंधरवड्याने पिशवी काढा. मध्येच पानं लुळी पडली तर भोकांवर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर थांबा.

बोगनवेलीला हाच टब चालेल, फक्त खडे जास्त आणि भुसा कमी. मनगटाएवढे ओंडकेसुद्धा रुजतात, किंबहुना काडीपेक्षा जाड लाकूड जास्त खात्रीचं, कारण त्यात साठा असतो. पण तिचं लाकूड फार लवकर कुजतं. वरच्या कापावर पाणी साचलं की कूज खोडाच्या पोटात उतरते आणि बाहेरून साल टवटवीत दिसत राहते. म्हणून वरचा काप तिरका आणि मेणाने बंद, आणि पाऊस अजिबात नाही. दुसरं म्हणजे तिची कोवळी मुळं फार ठिसूळ असतात. रुजलं का हे बघायला ओंडका हलवून पाहायची सवय असते ना, बोगनवेलीच्या बाबतीत ती पूर्ण सोडा. टबाच्या भोकांतून मुळं बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही, आणि कुंडी बदलतानाही मुळांभोवतीचा गड्डा मोडायचा नाही.

करवंदाची गोष्ट वेगळी. त्याची छाट कलमं रुजवायला अवघड, आणि जुनं झुडूप सड्यावरच्या जांभ्यात इतकं खोल शिरलेलं असतं की खणताना मुळं हाती लागत नाहीत. तुमच्या हातात दिवाळीपर्यंतचे महिने आहेत, ते वापरा. आत्ता खणू नका. जागेवरच, जमिनीलगत नवी मुळं आणा आणि नंतर खालून कापून घ्या.

जाळीत तुम्हाला आवडलेली दोन-तीन खोडं निवडा. प्रत्येकाची साल जमिनीपासून चार बोटं वर, दोन बोटं रुंद अशी सगळीकडून कड्यासारखी काढा. चीक पुसा. साल निघाल्यावर लाकडावर बुळबुळीत पातळ थर राहतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून काढा, अगदी कोरडं लाकूड हाताला लागेपर्यंत. तो थर एका रेषेएवढा जरी राहिला तरी झाड त्यावरून सालीचा पूल बांधतं, आणि मग मुळं फोडायची गरज त्याला उरत नाही. कड्याच्या वरच्या काठाला आयबीएची, म्हणजे मुळं फोडणाऱ्या संप्रेरकाची, पावडर चोळा. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली येतं, ते आता त्या काठाशी अडेल, आणि मुळं तिथेच फुटतील. मग बूड कापलेला प्लास्टिकचा डबा उभा चिरून खोडाभोवती बसवा, तारेने आवळा, आणि कड्याच्या वर वीतभर येईल इतकी खडे-भुशाची भर घाला. ही गुटीच आहे, फक्त फांदीऐवजी बुंध्याला बांधलेली.

जाळीतली दोन-चार खोडं मुद्दाम न सोलता ठेवा. सगळीच सोलली तर खालच्या मुळांना अन्न पोहोचत नाही, ती थकतात आणि वर पाणी देईनाशी होतात. दसऱ्याच्या सुमारास डब्याच्या चिरेतून बघा. पांढरी मुळं तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटलेले दिसले तर खोड कड्याच्या खालून करवतीने कापा आणि डब्यातल्या मालासकट उचला. नुसती पांढरी, बिनफाट्यांची मुळं असतील तर दिवाळीपर्यंत थांबा. खोड कापाल त्याच वेळी वरच्या फांद्या अर्ध्या कमी करा. जाळीखाली आत्ता शेवटची पिकलेली करवंदं पडलेली असतील तर त्यांच्या बियाही धुवून लगेच पेरा. त्या वाळवून ठेवल्या की उगवण झपाट्याने घटते.

आता घरगुती औषधं. शहाळ्याचं पाणी आपल्याकडे सहज मिळतं म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. त्यात वनस्पतींना वाढवणारी द्रव्यं असतात हे खरं आहे. १९४१ साली व्हॅन ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्याच्या मदतीने वाढवून दाखवले, आणि पुढे ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांमध्ये ते नेहमीचं झालं. पण त्यातलं महत्त्वाचं द्रव्य सायटोकायनिन प्रकारचं आहे. ते पेशींचं विभाजन आणि कोंब वाढवतं, आणि मुळं फुटायला जास्त प्रमाणात असेल तर उलट अडथळाच करतं. शिवाय त्यात साखर असते. प्रयोगशाळेतली बाटली निर्जंतुक असते, तुमचा टब नसतो. त्या साखरेवर बुरशी माजते. तेव्हा शहाळं तुम्ही प्या, कापलेल्या टोकांना लावू नका. मधाचंही असंच, तो थोडा जंतुनाशक आहे, मुळं फोडणारा नाही, आणि मुंग्या बोलावतो. दालचिनी किंवा हळद कोरड्या कापावर लावलीत तर बुरशी थोडी रोखली जाते, वरच्या कापांना लावायला हरकत नाही.

मुळांसाठी खरोखर काम करतं ते आयबीए. शेती सेवा केंद्रात पावडर मिळते. जाड लाकडासाठी ३००० ते ५००० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग आयबीए) घ्या. शुद्ध आयबीए मिळालं तर ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी निम्म्या मापाच्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग तेवढंच पाणी घाला. १ ग्रॅम आयबीएचं एकूण २०० मिलिलिटर द्रावण केलं की ५००० पीपीएम होतं. त्यात टोक पाच-दहा सेकंद बुडवून काढायचं, भिजत ठेवायचं नाही. नांद्रुकाला याची गरज नाही, करवंदाला आणि बोगनवेलीला फरक पडतो. मुळांच्या तुकड्यांना लावू नका, तिथे आपल्याला कोंब हवेत.

वडाबद्दल विचारलेलं नाही, पण वटपौर्णिमा जवळ आलीय म्हणून सांगते. पूजेसाठी बाजारात फांद्या येतात. त्यासाठी झाड तोडणं मला मुळीच पटत नाही, पण तोडून आलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात त्या तरी वाचवा. अंगठ्याएवढ्या जाड, साल सुरकुतलेली नाही अशा निवडा, पानं काढून पाच-सहा फांद्या एकत्र घट्ट बांधून लावा. वड-नांद्रुकाच्या साली एकमेकींना दाबून राहिल्या की जुळतात, आणि काही वर्षांत एकच जाड खोड होतं. हाच गुण तुमच्या नांद्रुकाच्या खोडाला पुढच्या पावसाळ्यात उपयोगी पडेल. एका बाजूला मुळंच आली नाहीत तर तिथे सालीत उभी खाच पाडा, गडग्यावरचं छोटं नांद्रुकाचं रोप मुळांसकट त्या खाचेत बसवा, खिळ्याने किंवा पट्टीने दाबून ठेवा. जुळलं की रोपाचा शेंडा कापायचा. त्याची मुळं आता खोडाची झाली.

परसात कोकम असेलच, आणि ते खणून आणायचा मोह होईल. कोकमाचं सोटमूळ खोल जातं, मोठं झाड जगवणं कठीण. त्याऐवजी झाडाखाली उगवलेली रोपं खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग म्हणून घ्या आणि त्यांच्या कोवळ्या शेंड्यावर जुन्या मादी झाडाची काडी मृदुकाष्ठ कलमाने बांधा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींमुळे ही पद्धत आता आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये रुळलीय. बागायतदार सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी घेतात, कारण आडव्या फांदीची काडी लावली तर कलम पसरत जातं, उंच होत नाही. बोन्सायला नेमकी ती आडवी काडीच हवी. मादी झाडाची असल्यामुळे कुंडीत रातांबे लागण्याची शक्यताही राहते, बीच्या रोपात नर निघाला तर ती संपते.

पावसात दोन शत्रू सांभाळा. मोठ्या शंखी गोगलगाई रात्रीत सगळे कोवळे कोंब खाऊन जातात. बॅटरी घेऊन रात्री जमा करा, आणि टब जमिनीवर न ठेवता विटांवर चढवून विटांभोवती चुन्याची रेघ ओढा. पडवीत ती कोरडी राहते तोवर काम करते, भिजली की पुन्हा ओढा. दुसरी वाळवी. जुन्या सोडणांबरोबर ती हमखास येते, म्हणून पिंजलेला भुसा वापरण्याआधी त्यावर कढत पाणी ओता आणि निथळू द्या.

ही तिन्ही झाडं तुमच्या स्वतःच्या आवारातली आहेत, म्हणून मी मोकळेपणाने सांगितलं. राखीव वनातून झाड काढणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याची फांदीही आणायची नाही. देवराईतलं तर पानही नको, मग ती जमीन कागदोपत्री कुणाचीही असो.

पाऊस ओसरल्यावरचे पहिले दोन महिने या झाडांना जड जातात. पिशवीत आणि ढगाळ हवेत वाढलेली पानं ऑक्टोबरच्या उन्हात करपतात. सप्टेंबरअखेरीस टबांवर झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) मांडव घाला आणि दिवाळीनंतर एकेक झाप काढत जा. किनाऱ्याला लागून घर असेल तर समुद्राकडची बाजू झापाने बंदच ठेवा, खाऱ्या वाऱ्याने कोवळ्या पानांच्या कडा जळतात. या काळात पाणी रोज सकाळी भरपूर द्या, खड्यांतून ते लगेच निघून जाईल. खत एवढ्यात नको. नांद्रुकाची तिसरी पालवी आली की शेणखताचं पातळ पाणी पंधरा दिवसांनी एकदा पुरे, आणि तार बांधायचा विचार पुढच्या पावसाळ्यानंतर.